पाठकणा मोडलेल्यांचा कैवारी

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या आसपास अपघात होऊन एखाद्याच्या मज्जारज्जूला इजा झाली, तर तो पुन्हा चालेल का, असा प्रश्न त्याचे नातेवाईक आज विचारतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हा प्रश्न सहसा उद्भवतच नसे. असे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत. हे चित्र पालटण्याचे मोठे श्रेय डॉ. लुडविग गुटमन यांच्याकडे जाते.

त्यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तत्कालीन जर्मनीतील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. १९१७ साली रुग्णालयात सेवकाचे काम करीत असता कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार त्यांनी पाहिला. पाच आठवड्यांत तो मरण पावला. ती आठवण त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

पुढे ब्रेस्लाउ येथे त्यांनी मेंदू व मज्जासंस्थेचे तज्ज्ञ म्हणून लौकिक मिळवला. नाझी राजवटीने १९३३ मध्ये त्यांचे पद काढून घेतले. नोव्हेंबर १९३८ मधील ज्यूविरोधी हिंसाचाराच्या रात्री, ज्यू रुग्णालयाचे प्रमुख या नात्याने, त्यांनी ६४ जणांना दाखल करून घेतले. त्यांपैकी ६० जण अटकेतून वाचले. १९३९ मध्ये ते सहकुटुंब इंग्लंडला गेले.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे त्यांच्या देखरेखीखाली मज्जारज्जू विभाग सुरू झाला. रुग्ण मरतो तो प्रामुख्याने शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे, हे ओळखून त्यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला. मूत्राशयाची निगा, व्यायाम, हाताला काम आणि खेळ यांची त्यास जोड दिली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, १६ जायबंदी माजी सैनिकांची धनुर्विद्या स्पर्धा त्यांनी भरवली. तीच पॅरालिम्पिकची गंगोत्री. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणात भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

१९६६ मध्ये 'सर' किताबाने गौरवलेले गुटमन १८ मार्च १९८० रोजी निवर्तले.

आता शस्त्रक्रियेविना, त्वचेवर विद्युतपट्ट्या लावून मज्जारज्जूला चेतना देण्याचे तंत्र आले आहे. मानेच्या दुखापतीत शाबूत राहिलेले मज्जामार्ग त्यामुळे अधिक सजग होतात. एका चाचणीत ६० रुग्णांपैकी ७२ टक्क्यांच्या हातांची शक्ती व कार्यक्षमता दोन्ही सुधारली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने या उपकरणाला संमती दिली. मात्र हा प्रवाह व्यायामाच्या जोडीनेच दिला जातो. त्यासाठी रुग्ण जगलेला, व्रणमुक्त आणि हालचालीस तयार हवा. ती पूर्वतयारी गुटमन यांनी शिकवली. यंत्र येईल तेव्हा येईल. वेळच्या वेळी कूस बदलणे घरच्यांच्या हाती आजही आहे.