बुऱ्हाणपूरच्या वेशीवर मलिक अंबर: जहांगीरला ज्याचा रंग खुपला तो हबशी

बुऱ्हाणपूरला पाहुणे आले की आपण त्यांना दोन ठिकाणं हमखास दाखवतो. एक शाही किल्ला, दुसरा कुंडी भंडारा. रावेर, मुक्ताईनगरकडून येणारी मंडळीही हेच बघून परततात. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शंभराहून जास्त कुंड्यांमार्फत शहरात आणायची ही योजना 1615 च्या सुमारास सुभेदार अब्दुल रहीम खानखाना याच्या काळात झाली. रहीमचं नाव इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण ज्याच्या धाकानं रहीमची झोप उडाली होती, त्या माणसाचं नाव इथं फारसं कुणी घेत नाही. तो मलिक अंबर.

त्याचा जन्म 1548 च्या आसपास आफ्रिकेतल्या हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. तांबड्या समुद्राकाठचं मोखा बंदर, मग बगदाद, असा विकत विकत पुढे गेला. बगदादच्या मालकानं पोराची हुशारी ओळखली, त्याला लिहायवाचायला शिकवलं आणि नाव ठेवलं अंबर. गुलामांना अशी सुगंधी नाहीतर रत्नांची नावं द्यायची पद्धतच होती: अंबर, काफूर, याकूत. नाव छान, पण माणूस विकाऊ.

शेवटी तो दख्खनमध्ये पोचला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. गंमत बघा, हा चंगेजखानही हबशीच, तोही कधीकाळचा गुलाम. दख्खनच्या दरबारांत दख्खनी आणि इराणी सरदारांच्या गटांत कायम चुरस असायची, म्हणून सुलतानांना हबशी सैनिक भरवशाचे वाटत. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. काही वर्षं विजापूरकरांकडे चाकरी केली, तिथं मलिक ही पदवी मिळवली आणि 1595 च्या सुमारास थोडेसे घोडेस्वार घेऊन तो अहमदनगरला परतला.

1600 मध्ये अकबराच्या फौजेनं अहमदनगरचा किल्ला घेतला. पुढच्याच वर्षी असीरगड पडला आणि बुऱ्हाणपूर मोगलांचं दख्खनमधलं ठाणं झालं. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. अंबरला नाही वाटलं. त्यानं परांड्याला निजामशाही घराण्यातला एक वारस गादीवर बसवला, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. 1602 मध्ये नांदेडजवळ रहीमचा मुलगा इरज याच्याशी झालेल्या लढाईत तो जखमी होऊन हरला. तरी हटला नाही.

या मुलीची हकीकत डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रुके यानं लिहून ठेवली आहे. तो 1617 मध्ये अंबरला छावणीत भेटला होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे, सुलतानाची थोरली बायको इराणी, गोऱ्या रंगाची. तिनं भांडणात अंबरच्या मुलीला काळी, गुलामाची पोर म्हणून हिणवलं. हे बापाच्या कानावर गेलं आणि 1610 मध्ये सुलतान व ती बायको, दोघांनाही विष देण्यात आलं. पाच वर्षांचा मुलगा गादीवर बसला. अंबरला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही, हे कृत्य क्रूरच. पण पेशवाई हातात असलेल्या माणसाच्या लेकीलाही कातडीवरून ऐकून घ्यावं लागत होतं, हेही त्याच हकिकतीत आहे.

आता जहांगीर. हा बादशहा चित्रांचा शौकीन, पशुपक्ष्यांचं बारकाईनं निरीक्षण करणारा, रसिक माणूस. पण आपल्या आठवणींत अंबरचा विषय निघाला की त्याची लेखणी घसरते. काळतोंड्या, अभागी, काळ्या नशिबाचा, असल्या शब्दांशिवाय त्याचं नाव सहसा येतच नाही. फारसीत काळं तोंड म्हणजे बेअब्रूही, त्यामुळं कुणी म्हणेल की ती नुसती शिवी आहे. बरोबर. पण तोंड काळं करणं हा वाक्प्रचार आपल्या मराठीतही आहे आणि अब्रू गेली की माणूस काळाच का होतो, हे आपण कधी स्वतःला विचारलेलं नाही.

जहांगीरनं नुसतं लिहून भागवलं नाही. 1616 च्या सुमारास त्याच्या दरबारातला नामवंत चित्रकार अबुल हसन यानं एक चित्र काढलं. भाल्यावर खोचलेलं अंबरचं मुंडकं, त्यावर घुबड, आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्या मुंडक्यावर बाण सोडणारा बादशहा. प्रत्यक्षात ते मुंडकं जहांगीरच्या हाती कधीच आलं नाही. रणात जमेना ते कागदावर करून घेतलं. हे चित्र आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या संग्रहालयात आहे.

जमत का नव्हतं? कारण अंबर समोरासमोर उभाच राहत नव्हता. मराठा आणि हबशी स्वार घेऊन तो मोगलांची रसद तोडायचा, गवतदाणा जाळायचा आणि डोंगरात पसार व्हायचा. हाच तो गनिमी कावा. मालोजी भोसले, शहाजीराजे, जाधव अशी घराणी त्याच्या काळातच निजामशाहीत वर आली. 1610 मध्ये त्यानं अहमदनगर परत घेतलं. त्याच सुमारास खडकी गाव वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून 1612 मध्ये बांधलेला भडकल दरवाजा तिथं अजून उभा आहे.

आणि पाणी! खडकीला त्यानं नहर-ए-अंबरी आणली. डोंगरातलं पाणी जमिनीखालून, उताराच्या जोरावर, जागोजागी हवेची मनोरं आणि विहिरी ठेवत शहरात. कुंडी भंडाऱ्याची पद्धतही थोडीफार हीच. एकमेकांच्या जिवावर उठलेली ही दोन माणसं, रहीम आणि अंबर, साधारण एकाच काळात आपापल्या शहराला पाणी पाजत होती. रहीम आतून अंबरला सामील असल्याचा संशय मोगल दरबारात वारंवार घेतला जायचा. खरंखोटं त्यांनाच माहीत.

अंबरनं जमिनी मोजून पिकाप्रमाणे सारा ठरवला. तो मलिकंबरी धारा म्हणून पुढं कितीतरी वर्षं चालला. आपल्या भागातल्या जुन्या जमीनदारांच्या कागदांत हा शब्द सापडला तर दचकू नका.

मात्र सगळीच वर्षं त्याची नव्हती. 1616 मध्ये रोशनगावला तो हरला आणि मोगलांनी खडकी लुटली. 1617 मध्ये शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याच्याशी तह करावा लागला. 1620 मध्ये तह मोडून त्याच्या फौजा थेट बुऱ्हाणपूरच्या वेशीला भिडल्या, काही तर नर्मदा ओलांडून मांडूपर्यंत गेल्या. म्हातारा रहीम शहरात कोंडला गेला आणि मदतीसाठी बादशहाकडे पत्रांवर पत्रं धाडत राहिला.

त्याच्या एक वर्ष आधी, 1619 मध्ये, जगाच्या पार दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकन बंद्यांना घेऊन जहाज लागलं होतं. तिथं 1662 मध्ये कायदाच झाला की गुलाम बाईचं मूल जन्मतः गुलाम. तिथल्या चापूला अंबर होता आलं नसतं. त्या कायद्याचे वळ अजून गेलेले नाहीत, 2020 मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा सगळ्या जगानं पाहिला. तिकडं स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांशी तेव्हा आपणही फोनवर हळहळलो. पण 2016 मध्ये बंगळुरूत टांझानियाच्या विद्यार्थिनीला आणि 2017 मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन मुलांना जमावानं मारलं, तेव्हा असे किती फोन झाले? हबशी हा शब्द आजही आपल्याकडे शिवी म्हणूनच ऐकू येतो.

अंबरची शेवटची मोठी लढाई 1624 ची, अहमदनगरजवळ भातवडीला. समोर मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजा. पंचाहत्तरी गाठलेल्या या सेनापतीनं तलावाचा बांध फोडला, शत्रूची छावणी चिखलात रुतवली आणि मग तुटून पडला. शहाजीराजे तिथं लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच कामी आले. पाठोपाठ बापाविरुद्ध बंड केलेला शाहजहान मदतीसाठी अंबरकडेच आला आणि बुऱ्हाणपूरला पुन्हा वेढा पडला. बुंदीच्या राव रतन हाडानं शहर टिकवलं. बुऱ्हाणपूर अंबरच्या हाती शेवटपर्यंत लागलं नाही.

मे 1626 मध्ये तो म्हातारपणानं, अंथरुणावर वारला. जहांगीर पुढच्या वर्षी गेला. बादशहाच्याच दरबारी इतिहासकारानं, मुतमदखानानं, मरणानंतर अंबरच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळेपणानं तारीफ केली. त्याच्या मुलानं, फत्तेखानानं, 1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं.

अंबरची कबर खुलताबादला आहे, मोठा घुमट, शेजारी बायको करीमाची कबर. औरंगजेबाची कबरही त्याच गावात. बुऱ्हाणपूरहून जाणारी बहुतेक मंडळी वेरूळची लेणी बघतात, घृष्णेश्वराचं दर्शन घेतात आणि परत फिरतात. वेरूळपासून ती कबर चारपाच किलोमीटरवर आहे.