कपॅसिटरला तिसरं टोक कशासाठी? लॉर्ड केल्विन यांच्या आयुष्यात सापडतं उत्तर

छताच्या पंख्यातल्या कपॅसिटरला दोन तारा असतात. धातूचे दोन पत्रे, मध्ये वीज वाहू न देणारा थर आणि प्रत्येक पत्र्याला एक तार, एवढ्यावर त्याचं काम भागतं. मग मोजमापाच्या प्रयोगशाळेत तीन किंवा चार टोकांचे कपॅसिटर का दिसतात? मोजमापात घुसणारी चूक बाजूला काढण्यासाठी. या युक्तीमागे विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्विन यांचं डोकं होतं. तापमानाचं केल्विन हे एकक त्यांच्याच नावाचं.

दहाव्या वर्षी विद्यापीठात

थॉमसन यांचा जन्म 26 जून 1824 रोजी बेलफास्टमध्ये झाला. सहा वर्षांचे असताना त्यांची आई गेली. वडील गणित शिकवत. त्यांना ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली आणि कुटुंब तिकडे गेलं. विल्यम वयाच्या दहाव्या वर्षी त्याच विद्यापीठाच्या वर्गात बसू लागले. पुढे केंब्रिजला शिकून 1846 मध्ये, अवघ्या 22 व्या वर्षी, ते ग्लासगोत प्राध्यापक झाले. ही खुर्ची त्यांनी 53 वर्षं सांभाळली.

अटलांटिकखालचा भलामोठा कपॅसिटर

1850 च्या दशकात युरोप आणि अमेरिका तारेने जोडायचे प्रयत्न सुरू झाले. समुद्राखालच्या केबलमध्ये आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचं आवरण आणि बाहेर खारं पाणी असे. म्हणजे दोन वाहक आणि मध्ये रोधक. केबल हाच एक लांबच लांब कपॅसिटर होता. प्रत्येक संदेशाला आधी हा कपॅसिटर भरावा लागे, म्हणून संदेश रेंगाळत. लांबी दुप्पट केली तर हा उशीर चौपट होतो, हे थॉमसन यांनी गणिताने दाखवलं.

केबल कंपनीचे वीजतज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे गणित पटलं नाही. 1858 मध्ये केबल पडली. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पोहोचायला सुमारे 16 तास लागले. व्हाइटहाउस यांनी जवळपास 2000 व्होल्टचा दाब वापरला. आधीच कमकुवत असलेलं आवरण तो सोसू शकलं नाही आणि काही आठवड्यांत केबल मुकी झाली. गुंतवणूकदारांचे पैसे अक्षरशः पाण्यात गेले.

थॉमसन यांचा मार्ग उलटा होता: प्रवाह कमी ठेवायचा आणि तो टिपणारं यंत्र नाजूक बनवायचं. त्यांच्या मिरर गॅल्व्हानोमीटरमध्ये इवल्याशा आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका क्षीण प्रवाहानेही सरकत असे. 1866 मध्ये ग्रेट ईस्टर्न जहाजाने टाकलेली केबल टिकली आणि थॉमसन यांना सर हा किताब मिळाला. याच जहाजाने 1870 मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली.

कडेची चूक आणि गार्ड रिंग

केबलच्या फजितीने एक गोष्ट उघड केली. वीज वापरायची तर ती नेमकी मोजता आली पाहिजे. पण तेव्हा व्होल्ट आणि ओहमची सर्वमान्य मापंच नव्हती. थॉमसन यांच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनने 1861 मध्ये विद्युतरोधाच्या प्रमाणासाठी समिती नेमली.

व्होल्टेज थेट मोजण्याचा एक मार्ग म्हणजे दोन पत्र्यांमधली ओढ मोजणं. अडचण कडेला होती. पत्र्यांच्या मध्यभागी विद्युत क्षेत्र सरळ असतं, पण कडेला ते बाहेर फुगतं. त्यामुळे क्षेत्रफळ आणि अंतरावरून केलेला हिशेब चुकतो. थॉमसन यांनी वरच्या पत्र्याच्या मधोमध एक गोल चकती सुटी केली. भोवतीचं रुंद कडं चकतीच्या इतक्याच व्होल्टेजवर ठेवलं आणि ओढ फक्त चकतीवरची मोजली. फुगवटा आता कड्याच्या बाहेरच्या काठाला गेला. हीच गार्ड रिंग. आजच्या तीन टोकांच्या प्रमाण कपॅसिटरमध्ये दोन टोकं पत्र्यांची असतात, तर तिसरं गार्डचं किंवा बाहेरच्या धातूच्या कवचाचं. नको असलेला प्रवाह त्या तिसऱ्या वाटेने निघून जातो आणि मोजमापात मिसळत नाही.

चार टोकांची रीतही त्यांच्याच कामातून रुळली. फार कमी रोध मोजताना जोडणीच्या तारांचा रोधही त्यात मिसळतो. यावर तोड म्हणजे दोन टोकांतून प्रवाह सोडायचा आणि दुसऱ्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजायचं. मोठ्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध आजही असाच मोजतात.

मग एसीच्या कपॅसिटरचं काय?

प्रत्येक जास्तीचं टोक गार्ड नसतं. एसीच्या कपॅसिटरवर सी, फॅन आणि हर्म असे तीन गट असतात, कारण एकाच डब्यात दोन कपॅसिटर असतात. सी हे दोघांचं सामाईक टोक, फॅन पंख्याचं आणि हर्म कॉम्प्रेसरचं. डब्यावर 45+5 मायक्रोफॅरड लिहिलं असेल, तर मीटर सी-हर्मवर सुमारे 45, सी-फॅनवर सुमारे 5 आणि हर्म-फॅनवर सुमारे 4.5 दाखवतो. तिसरा आकडा दोन्हींपेक्षा कमी, कारण तिथे दोन्ही कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात. अॅम्प्लिफायरच्या काही मोठ्या कपॅसिटरला जास्तीच्या पिना केवळ बोर्डावर घट्ट बसण्यासाठी असतात. त्या मोकळ्या सोडायच्या की ऋण टोकाला जोडायच्या, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावं. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो, म्हणून तो रिकामा केल्याशिवाय मीटर लावू नये, हातही लावू नये.

नदीचं नाव, क्लिपचं नाव

थॉमसन प्रत्येक वेळी बरोबर ठरले नाहीत. पृथ्वीच्या वयाचा त्यांचा अंदाज फार कमी निघाला. पण 1892 मध्ये त्यांना सरदारकी मिळाली आणि विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीवरून ते लॉर्ड केल्विन झाले. 17 डिसेंबर 1907 रोजी त्यांचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये न्यूटन यांच्या शेजारी त्यांची समाधी आहे. कपॅसिटर तपासणाऱ्या मीटरच्या चार तारांच्या चिमट्यांना आजही केल्विन क्लिप म्हणतात.