पाच डॉलरची गोधडी

मैत्रिणींनो, अमेरिकेत वॉशिंग्टनला देशाच्या इतिहासाचं मोठं संग्रहालय आहे. तिथं एक जुनी गोधडी जिवापाड जपून ठेवलीय. ती शिवणाऱ्या बाईला तिचे मिळाले होते फक्त पाच डॉलर. त्या बाईचं नाव हॅरिएट पॉवर्स. तिचं आयुष्य वाचल्यापासून मला ते कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. तुमच्याशिवाय कुणाला सांगणार?

तिकडे गोधडीला क्विल्ट म्हणतात. वर नक्षीचं कापड, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर आणि तिन्ही एकत्र धरून ठेवणारी शिवण. नाव वेगळं असलं तरी जात आपल्या गोधडीचीच!

हॅरिएटचा जन्म 29 ऑक्टोबर 1837 चा, जॉर्जिया राज्यात अथेन्स गावाजवळचा. कापसाचा मुलूख आणि शेतात राबणारे काळे गुलाम. हॅरिएटही गुलाम म्हणूनच जन्मली. म्हणजे तिचे हात, तिचे कष्ट, पुढे होणारी मुलंसुद्धा मालकाच्या मालकीची. 1855 मध्ये, अठराव्या वर्षी, आर्मस्टेड पॉवर्सशी तिचं लग्न झालं. निदान नऊ मुलं झाली, पण त्यातली कितीतरी हाताला लागली नाहीत. आईच्या मनावर त्याचे किती वळ उठले असतील, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

1865 मध्ये यादवी युद्ध संपलं आणि गुलामगिरी कायद्यानं गेली. ही घटना आपल्याला वाटते तितकी परकी नाही बरं का. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं, ते अर्पण केलं होतं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात जोतीराव ते लिहीत होते, तेव्हा तिकडे हॅरिएट नवऱ्याबरोबर नव्यानं संसार उभा करत होती. शेतात राबून, पै पै साठवून त्या दोघांनी पुढे चार एकर जमीन घेतली. जी बाई स्वतःच कुणाची तरी मालमत्ता होती, तिच्या घरची आता जमीन झाली!

हे सगळं करता करता ती शिवत होती. साध्या ठिगळांची नाही, चित्रांची गोधडी. कापडातून माणसं, जनावरं, चांदण्या कापायच्या आणि दुसऱ्या कापडावर ठेवून शिवायच्या. याला अ‍ॅप्लिक म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतही कापडावर अशी चित्रं शिवायची जुनी परंपरा आहे आणि हॅरिएटच्या कामाशी तिचं साम्य अभ्यासकांना दिसतं. 1885-86 च्या सुमारास तिनं बायबलमधल्या गोष्टींची गोधडी पुरी केली. अकरा चौकटी. एकीत आदम, ईव्ह आणि साप. एकीत याकोबाला पडलेलं शिडीचं स्वप्न. एकीत येशूचं शेवटचं भोजन. कीर्तनकार एकेक आख्यान लावतो ना, तसं तिनं एकेक चौकटीत एकेक आख्यान लावलं होतं.

1886 मध्ये अथेन्सला कापसाची जत्रा भरली. तिथं ही गोधडी मांडलेली होती. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या बाई जत्रेला आल्या होत्या. गोऱ्या, शिकलेल्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. गोधडी पाहून त्या जागीच थबकल्या. शोध घेत हॅरिएटपर्यंत पोचल्या आणि विकत मागितली. हॅरिएटनं साफ नकार दिला. कितीही पैसे दिले तरी विकायची नाही म्हणाली.

पण दिवस सारखे राहत नाहीत. चारेक वर्षांत घरात ओढगस्त आली. हॅरिएटनं जेनीबाईंना गोधडी विकायची असल्याचा निरोप पाठवला. तेव्हा बाईंकडे पैसे नव्हते. नंतर जमलं, तेव्हा त्यांनी उलट निरोप धाडला. हॅरिएट बैलगाडीतून आली. मांडीवर गोधडी, ती पिठाच्या स्वच्छ पोत्यात गुंडाळलेली, त्यावर आणखी एक गोणपाट. लेकराला थंडीत बाहेर काढताना आपण गुंडाळतो तशी.

तिनं दहा डॉलर सांगितले. जेनीबाई म्हणाल्या, पाचच देऊ शकते. हॅरिएट बाहेर नवऱ्याशी बोलायला गेली आणि परत आली ती पाच डॉलरला कबूल होऊन. दिवस वाईट आहेत, देऊन टाक, असा नवऱ्याचा सल्ला पडला.

इथवर वाचून मला आमच्या बचत गटातल्या बायका आठवल्या. प्रदर्शनात गोधडी मांडली की गिऱ्हाईक उलटसुलट करून बघतं आणि जुन्या साड्यांचीच तर आहे म्हणत भाव पाडतं. महिना-दीड महिना दुपारची झोप मोडून घातलेले टाके कुणी मोजत नाही. आणि घरी फी भरायची असते, म्हणून बाईही मान डोलावते. हॅरिएटचंही तेच झालं.

पण हॅरिएटनं एक गोष्ट केली, म्हणून आज आपल्याला ती माहीत आहे. पैसे घेऊन ती तशीच निघून गेली नाही. तिनं गोधडी उलगडली आणि अकराही चौकटींचा अर्थ मनापासून समजावून सांगितला. कोण कुठे उभा आहे, कशासाठी, पुढे काय झालं, सगळं. जेनीबाईंनी ते लिहून ठेवलं. शिल्लक राहतील त्या कापडाच्या चिंध्या तिच्यासाठी ठेवीन, असं आश्वासनही दिलं. तेवढ्यानं तिला जरा बरं वाटलं. पुढेही हॅरिएट कितीतरी वेळा त्या घरी गेली, विकलेली गोधडी नुसती बघायला. सासरी दिलेल्या लेकीला आई भेटायला जाते ना, अगदी तशी.

या दोघींची मैत्री होती का? बरोबरीची तर नक्कीच नव्हती. एकीकडे घेण्याची ऐपत होती, दुसरीकडे विकण्याची गरज. पण एकीनं विश्वासानं सांगितलं आणि दुसरीनं इमानानं लिहून ठेवलं, एवढं खरं. 1895 मध्ये अटलांटाच्या मोठ्या प्रदर्शनात जेनीबाईंनीच ती गोधडी पाठवली.

त्याच सुमारास हॅरिएटची जमीन हळूहळू हातची गेली. नवराही सोडून गेला. साठीला टेकलेली बाई शिवणावर पोट भरत राहिली आणि त्या काळातच तिनं दुसरी मोठी गोधडी केली, पंधरा चौकटींची. यात बायबलच्या जोडीला लोकांच्या तोंडी असलेल्या खऱ्या घटना आल्या. 1780 मध्ये भरदिवसा पडलेला अंधार. 1833 मधला उल्कांचा पाऊस, जो तिच्या जन्माआधी चार वर्षं पडला होता, म्हणजे तिनं तो मोठ्यांकडून ऐकलेला. फेब्रुवारी 1895 ची जीवघेणी थंडी. आणि एक डुकरीण, बेट्स नावाची, जी जॉर्जियाहून पाचशे मैल पळत व्हर्जिनियापर्यंत गेली! कुणाच्या दाव्याला बांधून न राहिलेल्या त्या जनावराला मानाची जागा देताना, गुलामीत जन्मलेल्या बाईच्या मनात काय असेल, ते आपणच ओळखायचं. ही गोधडी 1964 पासून बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

1 जानेवारी 1910 ला हॅरिएट गेली. तिची कबरही विस्मरणात गेली, ती 2005 मध्ये पुन्हा सापडली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं असंच सगळे धरून चालले होते. पण कायरा हिक्स या अभ्यासक बाईंनी 2009 मधल्या आपल्या पुस्तकात हॅरिएटचं 1896 चं पत्र उजेडात आणलं. वाचायला कशी शिकले, आणखी कोणकोणत्या गोधड्या केल्या, हे तिनं त्यात स्वतः सांगितलंय. निदान चार गोधड्यांचा उल्लेख आहे. आज आपल्याला पाहता येतात त्या दोनच. 2021 मध्ये बोस्टनला त्या दोघी पहिल्यांदा शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. शिवणारी जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाल्यावर!

त्या काळात हजारो बायकांनी सुंदर क्विल्ट शिवले असतील. बहुतेकींची नावं कापडाबरोबर विरून गेली. हॅरिएटचं राहिलं, कारण तिनं आपल्या कामाची गोष्ट सांगितली. भाव कितीला तुटला हे तिच्या हातात नव्हतं, सांगणं तिच्या हातात होतं.

म्हणून मैत्रिणींनो, एक करा. घरात आजीची, सासूबाईंची गोधडी असेल तर त्यांना, त्या नसतील तर घरातल्या मोठ्यांना विचारा, हे लुगडं कुणाचं, हा तुकडा कुणाच्या बारशाच्या झबल्याचा. लिहून ठेवा. आणि स्वतः शिवाल तेव्हा कोपऱ्यात रंगीत दोऱ्यानं आपलं नाव आणि साल टाका. विकायची असेल तरीही टाका. दोन मिनिटांचं काम आहे.