डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे

दुष्काळ पडला असता राज्यकर्त्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, देशात धान्य आहे तरी किती? अंधेरी-मुलुंडकडील आम्हां रहिवाशांचे धान्य वाण्याच्या दुकानातून येते. त्यामुळे हा प्रश्न आम्हांस क्वचितच सुचतो. परंतु १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मरण पावली, तेव्हा त्याचे महत्त्व साऱ्या देशास कळून चुकले. ज्या महाराष्ट्रीय गणितज्ञाने याच प्रश्नासाठी आपली विद्या वेचली, त्यांचे चरित्र आम्ही विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहोत.

डॉ. सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. १९३२ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते पदवीधर झाले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्राचा अभ्यास करून १९३६ साली त्यांनी पीएच.डी. संपादन केली. स्वदेशी परतल्यावर १९४० साली ते दिल्लीच्या शेतकी संशोधन मंडळात रुजू झाले.

त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने होत असे. गावकामगार शेतावरून नजर फिरवी आणि पीक आठ आणे की बारा आणे ते सांगे. नजर ती नजरच! सुखात्मे यांनी तिच्या जागी नमुन्याची पद्धत रुजविली. गावे, गावातील शेते व शेतातील एक तुकडा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाचा, खुंट्या-दोरीने आखावयाचा आणि तेवढ्यातीलच कणसे कापून, मळून दाणे तोलावयाचे. शेकडो तुकड्यांच्या सरासरीवरून जिल्ह्याचे पीक कळते. कोठे वजन अधिक भरते, कोठे उणे. परंतु योगायोगाने होणाऱ्या या चुका पुष्कळ नमुन्यांत बहुतांशी परस्परांस खोडून टाकतात.

मात्र तुकडा केवढा असावा? लहान असल्यास श्रम वाचतात. सुखात्मे यांस असे आढळले की, लहान तुकड्यांवरून पीक वाजवीपेक्षा अधिक भरते. दोरीवर आलेले रोप आत धरावे की बाहेर, अशी शंका येताच कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. २ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौरस फूट, आणि परिघही सुमारे १२.६ फूट, म्हणजे दर चौरस फुटास एक फूट काठ. त्यांच्या मंडळाचा तुकडा ३३ फूट लांब व १६.५ फूट रुंद, म्हणजे एकराचा ८० वा हिस्सा असे; त्यात दर चौरस फुटास काठ सव्वादोन इंचही येत नाही. लहान तुकडे हजार कापले तरी ही चूक जात नाही, कारण ती सदैव एकाच बाजूस झुकते. ज्यांस शंका असेल त्यांनी मैदानातील झाडाखाली एक लहान व एक मोठे वर्तुळ काढून गळलेली पाने मोजून पाहावीत. रेषेवरच्या पानांशी त्यांची लवकरच गाठ पडेल.

हा निष्कर्ष त्यांनी १९४६ साली ‘नेचर’ या इंग्रजी नियतकालिकात मांडला. कलकत्त्याचे प्रा. महालनोबीस लहान वर्तुळे वापरीत. या दोन थोर पुरुषांत त्यावरून बराच वाद झाला. त्यात आम्हांस सुखात्मे यांची बाजू अधिक भक्कम वाटते.

१९५१ पासून १९७० पर्यंत ते रोम येथील जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगातील दोनतृतीयांश माणसे भुकेली आहेत असे तेव्हा बोलले जाई. १९६१ साली सुखात्मे यांनी हिशेब मांडला की, पुरेसे अन्न न मिळणारे शेकडा १० ते १५ असावेत. निकस आहार घेणारे त्यांत मिळविल्यास हा आकडा तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जातो.

पुण्यास परतल्यावर त्यांनी याच विचाराचा पाठपुरावा केला. वर्गातील चपलांचे सरासरी माप ६ असले म्हणून ५ मापाचा मुलगा खुरटलेला ठरत नाही. तसेच सरासरीहून कमी उष्मांक घेणारा प्रत्येक मनुष्य उपाशी नसतो. म्हणून भुकेची रेषा सरासरीच्या बरीच खाली आखावी, असे त्यांचे मत होते. पुण्याचेच प्रा. वि. म. दांडेकर यांनी यास कसून विरोध केला. रेषा इतकी खाली नेल्यास खरोखरीचे उपाशीही गणतीतून निसटतील, ही भीती आम्हांस अनाठायी वाटत नाही. लहानपणापासून अर्धपोटी राहिलेले मूल थोडक्यात भागविते, पण ते त्याचे पोषण नव्हे.

हा वाद मिटण्यापूर्वीच, २८ जानेवारी १९९७ रोजी, डॉ. सुखात्मे निवर्तले. आपल्या राज्यात पीककापणीचे प्रयोग आजही होतात. पुष्कळ पिकांसाठी तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद आखतात. म्हणजे जवळजवळ तेच जुने माप.