बंद खोलीतला सरदार

टेबलाभोवती चार-पाच जण बसलेले असतात. त्यांच्यापैकी एखादा एरवी बँकेत हिशेब तपासणारा, मवाळ स्वभावाचा गृहस्थ. पण फासे हाती आले की तो रानटी टोळीचा निर्दय सरदार होतो आणि आवाज चढवून कल्पनेतल्या किल्ल्यावर चाल करण्याचे हुकूम सोडतो. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने भूमिका वठवण्याची ही रीत लोकप्रिय केली. या सरदाराच्या पूर्वजांपैकी सर्वांत दांडगा पूर्वज मात्र त्याआधी चार दशके टेक्सासमधील एका छोट्या खोलीत जन्मला होता. त्याचे नाव कोनन आणि त्याचा जनक रॉबर्ट इर्विन हॉवर्ड.

हॉवर्डचा जन्म २२ जानेवारी १९०६ रोजी टेक्सासमधील पीस्टर या खेड्यात झाला. वडील डॉ. आयझॅक हॉवर्ड यांनी व्यवसायानिमित्त अनेक गावी बिऱ्हाड हलवले आणि १९१९ मध्ये हे कुटुंब क्रॉस प्लेन्स येथे स्थिरावले. आई हेस्टर हिला क्षयाने ग्रासले होते. एकुलत्या एका मुलाला कवितेची गोडी तिनेच लावली. पुढे या परिसरात तेल सापडले आणि शांत गावात पैसा, दारू आणि मारामाऱ्या शिरल्या. सुसंस्कृतपणा हा वरवरचा मुलामा आहे, हे हॉवर्डचे ठाम मत याच अनुभवातून घडले. १९३० पासून लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट याच्याशी झालेल्या दीर्घ पत्रव्यवहारात त्याने हे मत हिरिरीने मांडले.

तेलक्षेत्रात, टपाल कचेरीत, सोडा-फाउंटनवर अशा नाना नोकऱ्या त्याने केल्या. पण वरिष्ठाचा हुकूम त्याला सोसवत नसे. १९२४ मध्ये, अठराव्या वर्षी, ‘वीअर्ड टेल्स’ या मासिकाने त्याची पहिली कथा स्वीकारली. मानधन होते १६ डॉलर. लेखन हाच आपला व्यवसाय, हे त्याने मनोमन ठरवले. मुष्टियुद्धाच्या सरावाने त्याने शरीर दणकट केले होते. टाइपरायटरवर बसला की तो कथा मोठ्याने बोलत असे. पात्रांच्या आरोळ्या शेजाऱ्यांच्या कानी जात. गावाच्या दृष्टीने हा डॉक्टरांचा विक्षिप्त मुलगा होता.

नाकारल्या गेलेल्या एका जुन्या कथेचे पुनर्लेखन करून त्याने कोननला उभे केले. डिसेंबर १९३२ च्या अंकात कोनन प्रथम अवतरला, तोही सिंहासन बळकावलेला राजा म्हणून. नंतरच्या कथांत तो कधी चोर, कधी चाचा, कधी भाडोत्री सैनिक झाला. १९३४ मधील ‘द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’ या कथेत तर तो डोंगरी टोळ्यांचा सरदार आहे आणि भारतावरून बेतलेल्या ‘वेंध्या’ राज्याच्या राणीला पळवून नेतो. या कथांत त्या काळचे वंशविद्वेषी पूर्वग्रह ठायी ठायी आढळतात, हेही नमूद करायला हवे.

कोनन कोणापुढे वाकत नसे. त्याच्या जनकाला मात्र पैशासाठी हात जोडावे लागत. मंदीच्या त्या काळात ‘वीअर्ड टेल्स’कडे त्याचे ८०० डॉलरांहून अधिक मानधन थकले होते आणि आईच्या उपचारांचा खर्च वाढत होता. शिक्षिका नोव्हॅलिन प्राइस हिच्याशी जुळलेले नातेही तडीस गेले नाही. आईच्या उशाशी रात्री जागणे आणि उरलेल्या वेळात लिहिणे, असा त्याचा दिनक्रम झाला. मनाने तो पूर्वीपासूनच खचत चालला होता. आई आता शुद्धीवर येणार नाही, हे कळल्यावर ११ जून १९३६ रोजी त्याने स्वतःचे जीवन संपवले. वय अवघे तीस. दुसऱ्या दिवशी आईही गेली. ब्राउनवूड येथे १४ जून रोजी दोघांचा दफनविधी एकत्रच झाला.

कीर्ती आली ती नंतर. पुस्तके, चित्रकथा आणि १९८२ चा अर्नोल्ड श्वार्झनेगर याचा चित्रपट यांनी कोननला जगभर नेले. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा एक निर्माता गॅरी गायगॅक्स याने १९७९ मध्ये आपल्या प्रेरणास्थानांच्या यादीत हॉवर्डचे नाव नोंदवले आणि १९८० च्या दशकात ‘बार्बेरियन’ हा पात्रप्रकार खेळात दाखल झाला. क्रॉस प्लेन्समधील ते घर आता संग्रहालय आहे. दरवर्षी तेथे चाहते जमतात.

आज सरदाराची भूमिका घेणाऱ्या खेळाडूला सोबती असतात. डाव हरला तर ते हसतात, पुन्हा फासे टाकतात आणि रात्री सारे आपापल्या घरी परततात. हॉवर्ड हा डाव एकटाच खेळला. साऱ्या गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो कोननच्या आवाजात बोलला. स्वतःच्या दुःखाविषयी बोलण्यासाठी मात्र त्याच्या टेबलाशी दुसरे कोणी बसलेले नव्हते.