विश्लेषण : तंबाखू जिथे धरली, गाठ तिथेच का? ८० वर्षांपूर्वी मुंबईत हे दाखवणारे डॉ. खानोलकर कोण होते?

घाटकोपर स्थानकाबाहेर पडले की पानाची टपरी शोधावी लागत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू, चुना आणि सुपारी सुटी मिळतेच. तळहातावर मळायला अर्धे मिनिट पुरते. इथून धीमी लोकल पकडली की काही स्थानकांनंतर परळ येते. तिथल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तोंडाचा कर्करोग झालेले रुग्ण देशभरातून येतात. टपरी आणि रुग्णालयाचा हा संबंध आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मात्र १९४०च्या दशकात तो रुग्णांच्या नोंदी आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा यांच्या आधारे सिद्ध करावा लागत होता. हे काम परळमध्ये ज्यांनी उभे केले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्र आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

डॉ. खानोलकर कोण होते?

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण लंडन विद्यापीठात झाले. १९२३ मध्ये त्यांनी तिथूनच विकृतिशास्त्रात, म्हणजे पॅथॉलॉजीत एमडी केले. मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात अध्यापन केले. त्या काळात हुशार डॉक्टर सहसा शस्त्रक्रिया किंवा खासगी प्रॅक्टिसकडे वळत. पॅथॉलॉजिस्टकडे रुग्ण येत नाहीत, रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा येतो. तो फॉर्मलिनमध्ये टिकवायचा, मेणात बसवायचा, केसाहूनही पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि पाहायचे. खानोलकरांनी आयुष्यभरासाठी हेच काम निवडले.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि खानोलकर तिथल्या प्रयोगशाळा व संशोधनाचे प्रमुख झाले. फक्त कर्करोगासाठीचे रुग्णालय असल्याने एकाच प्रकारचे रुग्ण मोठ्या संख्येने एका छताखाली येऊ लागले. संशोधकाच्या दृष्टीने ही मोठी सोय होती.

१००० रुग्णांनी काय सांगितले?

रुग्णालय सुरू होऊन तीन वर्षे होतात तोच, १९४४ मध्ये, खानोलकरांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतील ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. निवडक, लक्षवेधी रुग्ण घेतले की निष्कर्ष हवा तसा वळवता येतो. आलेला प्रत्येक रुग्ण मोजला की ती मुभा राहत नाही.

विडा आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाकडे बोट दाखवणारे ते पहिले नव्हेत. दक्षिण त्रावणकोरमधील रुग्णांवरून डॉ. ऑर यांनी १९३३ मध्येच ते लिहिले होते. खानोलकरांचे वेगळेपण पुढच्या प्रश्नात होते. कर्करोग तोंडात होतो हे ठीक, पण तोंडात नेमका कुठे? यंत्राचा भाग तुटला की भेग कोठून सुरू झाली हे आधी पाहतात, कारण त्यावरून ताण कुठे पडत होता ते कळते. त्यांची पद्धत तशीच होती.

१९४५ मध्ये बी. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी लिहिलेल्या शोधनिबंधाचा विषय होता सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन नवे प्रकार. पहिला खैनीचा. तंबाखू-चुन्याची गोळी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवणाऱ्यांना गाठ त्याच खाचेत येत होती. दुसरा चुट्ट्याचा. विशाखापट्टणमच्या किनारपट्टीवर, विशेषतः बायका, चुट्टा पेटते टोक तोंडात ठेवून ओढत. त्यांना कर्करोग टाळूला होत होता. टाळूचा कर्करोग जगात इतरत्र फारसा दिसत नाही. तिसऱ्याचा तंबाखूशी संबंधच नव्हता. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी घट्ट आवळली जाते, घाम आणि घर्षणाने कातडी काळवंडते, त्यावर व्रण होतो आणि काहींना तिथे त्वचेचा कर्करोग होतो. ‘धोती कॅन्सर’ हे नाव वैद्यकीय पुस्तकांत आजही आहे.

तिन्हींमधले सूत्र एकच. सवय जिथे इजा करते, तिथे रोग येतो. मग वंश किंवा नशीब हे पहिले स्पष्टीकरण उरत नाही. सवय बदलता येते, म्हणून रोग टाळताही येतो.

एवढ्याने पुरावा पूर्ण होतो का?

नाही. रुग्णांपैकी बहुतेक जण तंबाखू खाणारे असले तरी एक शंका राहते. त्या काळी मुंबईत तंबाखू खाणारे निरोगी लोकही कमी नव्हते. म्हणून कर्करोग नसलेल्यांशी तुलना हवी. आनुवंशशास्त्रज्ञ एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासोबत खानोलकरांनी ती केली आणि १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली. तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये तोंडाच्या पोकळीचा, तर ओढणाऱ्यांमध्ये त्यामागच्या घशाच्या भागाचा कर्करोग अधिक, असे चित्र समोर आले. ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध १९५० मध्ये दाखवला होता. मुंबईचे काम त्याच पठडीतले आणि जवळजवळ त्याच काळातले. त्याची चर्चा मात्र तेवढी झाली नाही.

एक अडचण तरीही होती. रुग्णालयात किती आले हे माहीत, पण शहरात लाखामागे किती जणांना रोग होतो हे कसे सांगणार? त्यासाठी संपूर्ण लोकसंख्येची नोंद लागते. ती मुंबईत १९६३ मध्ये सुरू झालेल्या कॅन्सर रजिस्ट्रीने करायला घेतली. देशातील ही अशी पहिली नोंदवही. घाटकोपर तोवर महापालिकेच्या हद्दीत आले होते.

तंबाखू, चुना आणि सुपारी नेमके काय करतात?

याचे रसायन पुढच्या दशकांत उलगडले. तंबाखूचे पान वाळवताना आणि मुरवताना त्यातल्या निकोटिनसारख्या घटकांपासून नायट्रोसामाइन तयार होतात. पेशींतील डीएनएला धक्का लावणारी ही रसायने आहेत. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झटकन शोषले जाते. तलफ भागते ती यामुळेच. सुपारीतील अरेकोलीनमुळे त्वचेखाली तंतू साचत जातात आणि तोंड उघडणे कमी होत जाते. फक्त सुपारी खातो, तंबाखू नाही, असे सांगणारे अनेक भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे.

कर्करोगापलीकडे त्यांनी काय केले?

कुष्ठरोगात जंतू अगदी सुरुवातीलाच त्वचेतील बारीक नसांमध्ये शिरतात, यावर त्यांनी महत्त्वाचे काम केले. संघवींसोबत मुंबईतील वेगवेगळ्या जातिसमूहांच्या रक्तगटांचाही अभ्यास केला. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले ते त्यांच्या पुढाकाराने.

या केंद्राची खरी कमाई माणसे होती. पुण्याहून लग्नानंतर मुंबईत आलेल्या कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएचडी केली, अमेरिकेत प्रशिक्षण घेतले आणि परतून याच केंद्रात पेशी काचपात्रात वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. २०२१ मध्ये गुगलने डूडल केले त्या याच. कुष्ठरोग्यांच्या ऊतींतून १९५८ मध्ये वेगळ्या केलेल्या ज्या जंतूंपासून पुढे लस तयार झाली, त्यांना केंद्राच्या आद्याक्षरांवरूनच ‘आयसीआरसी’ हे नाव मिळाले.

खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले, पद्मभूषणही मिळाले. किरणोत्साराच्या परिणामांवरील संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६६ मध्ये त्यांचे केंद्र टाटा मेमोरियलशी जोडले गेले. आज हे संशोधन नवी मुंबईत खारघरला चालते आणि तिथल्या इमारतीला ‘खानोलकर शोधिका’ असे नाव आहे. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास सुपारी आणि तंबाखूचे तयार मिश्रण छोट्या पुडीत मिळू लागले होते.

तोंडात काय दिसले तर तपासणी करावी?

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट सहन न होणे, तोंड पूर्वीइतके न उघडणे. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर थांबू नये. दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ ही तपासणी करतात. संशय वाटला तर बायोप्सी होते, म्हणजे एक लहानसा तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवला जातो. तो आजही मेणात बसवूनच कापतात.