रमाबाईंनी देवाला विचारलं

१८९६ साली मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या भागात, मोठा दुष्काळ पडला. पाऊस नाही, पीक नाही, खायला अन्न नाही. या बातम्या पुण्यात पंडिता रमाबाईंपर्यंत पोचत होत्या.

रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. त्या पुण्यात 'शारदा सदन' नावाची शाळा चालवत. तिथे विधवा मुली राहत आणि शिकत. विधवा म्हणजे जिचा नवरा वारला आहे अशी बाई. त्या काळी लग्नं लहानपणीच होत, त्यामुळे आठ-दहा वर्षांची मुलगीसुद्धा विधवा असू शकायची. शाळेचा खर्च अमेरिकेतून येणाऱ्या पैशांवर चाले. तिथल्या लोकांनी दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं, आणि ती दहा वर्षं आता संपत आली होती. जागा कमी, पैसे कमी, पुढचा भरवसा नाही. अशा वेळी दुष्काळातल्या मुलींना आणायला जायचं, की आहे ती शाळा सांभाळायची?

रमाबाईंनी देवाला विचारायचं ठरवलं. पण 'देवाला विचारणं' म्हणजे काय, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात फार जुना होता. त्यासाठी आपल्याला २२ वर्षं मागे जावं लागेल.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकांनी संस्कृत शिकू नये असं तेव्हा लोक मानत. तरी त्यांनी आपल्या बायकोला शिकवलं, आणि आईने रमाला. हे कुटुंब गावोगाव पायी फिरायचं. देवळात पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर राहायचं. अडचण आली की देवाकडे जायचं, ही घरातली रीत. उपास करायचे, जप करायचा, तीर्थाला जायचं, जवळचे पैसे दान करायचे आणि वाट बघायची.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पैसे संपले. दागिने, भांडी, सगळं विकून झालं. मजुरी करणं किंवा भीक मागणं पंडिताच्या घराला शोभत नाही असं त्यांना वाटे. शेवटी सगळे जंगलात गेले. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडाची पानं आणि थोडे रानखजूर यांवर काढले. मग रमाच्या भावाने, श्रीनिवासने, ठरवलं की आता मजुरी करायची. पण तोपर्यंत उशीर झाला होता. वडील गेले. जाण्याआधी त्यांनी रमाला जवळ घेतलं, आणि मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, असं सांगितलं. काही महिन्यांत आई गेली, नंतर बहीणही गेली. वडील गेले तेव्हा रमा फक्त सोळा वर्षांची होती.

पुढे बहीण-भाऊ हजारो मैल पायी फिरले. झेलम नदीच्या काठी एका थंडीत त्यांच्याकडे पांघरूण नव्हतं. तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे केले, आत झोपले आणि अंगावर वाळू ओढून घेतली! १८७८ मध्ये ते कोलकात्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाचं संस्कृत ऐकून तिला 'पंडिता' ही पदवी दिली. मग भाऊ वारला. रमाबाईंनी एका बंगाली वकिलाशी लग्न केलं, पण दोन वर्षांच्या आत तेही वारले. मुलगी मनोरमा तेव्हा एक वर्षाचीसुद्धा नव्हती.

१८८३ मध्ये रमाबाई डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला गेल्या. पण त्यांना नीट ऐकू येत नसे, म्हणून ते जमलं नाही. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात खूप लोकांना याचा राग आला, वाईटही वाटलं. मला मात्र त्यांच्या पत्रव्यवहारातली एक गोष्ट फार आवडते. ज्यांनी त्यांना नवा धर्म शिकवला, त्यांच्याशीही रमाबाई सारख्या वाद घालत. देवाची इच्छा काय, हे दुसऱ्या कुणी आपल्याला ठरवून द्यावं हे त्यांना मान्य नव्हतं. ना पुण्यातल्या शास्त्र्यांनी, ना इंग्लंडच्या पाद्र्यांनी.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेत, फिलाडेल्फियाला गेल्या. ११ मार्चला आनंदीबाई जोशी तिथे डॉक्टर झाल्या, तो समारंभ त्यांनी पाहिला. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला, त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. १८९३ मध्ये, इथे मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप झाला आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून घेतल्या. या वादावर आजही दोन मतं आहेत.

आता परत १८९६. रमाबाईंनी प्रार्थना केली. आमच्या ऑनलाइन वर्गात एका मुलाने विचारलं होतं की मग देवाचा आवाज आला का. तसं काही झालं नाही. त्यांना आपली स्वतःची भूक आठवली. जंगल आठवलं, पानं आठवली. त्या मुलींच्या जागी एकदा आपणच होतो, हे त्यांना विसरता येईना. हेच उत्तर आहे असं त्यांनी मानलं, आणि तीनशे मुलींना आणायचं ठरवलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे आधी बजेट लागतं, मग काम. रमाबाईंचं सगळं उलटं! पैसे नव्हते, पण आकडा ठरला होता.

आणि या वेळी त्या वाट बघत बसल्या नाहीत. स्वतः मध्य प्रांतात गेल्या. सरकारी छावण्यांत हाडांचे सापळे झालेल्या मुली होत्या. त्यांना फसवून पळवणारी माणसंही तिथे फिरत होती. रमाबाई मुलींना घेऊन पुण्याला येऊ लागल्या.

तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. शहरात आणखी मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. झालं! आता इतक्या मुलींना न्यायचं कुठे?

पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवर केडगावला रमाबाईंनी आधीच शेत घेतलं होतं. फळं विकून शाळेचा खर्च भागवावा, म्हणून तिथे झाडं लावली होती. इमारत एकही नव्हती. त्या मुलींना तिथेच घेऊन गेल्या आणि झोपड्या बांधल्या. काही मुली इतक्या अशक्त होत्या की वाचल्या नाहीत. बाकीच्या हळूहळू उभ्या राहिल्या, लिहा-वाचायला शिकल्या, विणकाम आणि छपाई शिकल्या. पैसे थोडे थोडे येत राहिले, कधी भारतातून, कधी परदेशातून. या जागेला 'मुक्ती' हे नाव मिळालं.

१९०० साली गुजरातमध्ये दुष्काळ पडला. तेव्हा मुलींना आणायला मुक्तीमधल्या बायका गेल्या.